यंत्राचा खडखडाट आणि गिरणगावची मैना

कारखान्याचा खडखडाट हेच संगीत, असे कोणी म्हटले तर साचेखात्यात जन्म काढलेला माणूस हसेल. पण युरोपात तसे घडले आहे. पश्चिम बर्लिनमध्ये १९८० साली काही तरुणांनी एक वाद्यवृंद काढला. नाव ठेवले ‘आइनश्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन’, म्हणजे कोसळत्या नव्या इमारती. १९८१ च्या ‘कोलाप्स’ या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेत लोखंडी पत्रे आणि ड्रिल हीच वाद्ये झाली. सुखावलेल्या शहरास त्याच्याच पोटातला आवाज ऐकवावा, ही त्यामागची कल्पना आम्हांस दिसते. तिची थट्टा आम्ही करीत नाही. मात्र आमच्या गिरणगावाने त्याच्या कितीतरी आधी अगदी उलटी वाट धरली होती, आणि पंचवटीच्या या गोदाकाठी आज तिचीच हकीकत सांगावयाची आहे.

१९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले. अण्णा भाऊ वाटेगावचे, अमर शेख बार्शीचे. दोघांनीही गिरणीत घाम गाळलेला. साचे चालू असता शेजाऱ्याशी बोलावयाचे तर ओठांच्या हालचालींवर नि हातवाऱ्यांवर भागवावे लागे. असा आवाज पाळीभर कानांत भरून जो बाहेर पडतो, त्यास मैदानात पुन्हा तोच ऐकविणे म्हणजे शिक्षाच! या शाहिरांनी यंत्र गिरणीतच ठेवले. मैदानात आला तो डफ, आले तुणतुणे, आणि आला गावचा तमाशा. त्यातही वाकवावयाचे ते त्यांनी बेधडक वाकविले. गणपतीच्या गणाऐवजी मायभूमीस व हुतात्म्यांस वंदन आले, गवळण गळाली, आणि तमाशाचे लोकनाट्य झाले. याला निव्वळ प्रचार म्हणून नाके मुरडणारे पुष्कळ होते. असोत.

या कल्पकतेचा कळस म्हणजे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली अण्णा भाऊंची छक्कड, ‘माझी मैना गावावर राहिली’. पोटासाठी मुंबईस आलेल्या गड्याची बायको गावी राहिली, एवढीच कथा प्रथम वाटते. गिरणगावात एकेका खोलीत दहा-पंधरा गडी पाळीपाळीने झोपत, खानावळीत जेवत. बायकामुले घाटावर नाहीतर कोकणात. विरहाची लावणी त्यांस नवी नव्हती. पण ऐकता ऐकता मैना पालटते. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव हा हातचा सुटू पाहणारा मुलूखच मैना होऊन उभा राहतो. राज्य पुनर्रचनेचा अहवाल ज्याने कधी वाचला नाही, त्यास सीमाप्रश्न एका क्षणात उमगला, कारण ताटातूट त्याने स्वतः भोगली होती. गेटसभांतून आम्ही भाषणे खूप करतो. नकाशा असा गळी उतरविणारा वक्ता आम्ही पाहिलेला नाही. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, तरी या चारही ठिकाणांची मैना पलीकडेच राहिली.

अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ रोजी गेले, अमर शेख त्याच वर्षी २९ ऑगस्टला. पुढे बर्लिनची पोरे लोखंड बडवीत होती त्याच सुमारास, १८ जानेवारी १९८२ पासून, मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि साचे मुके झाले. बहुतेक गिरण्या मग कायमच्या मिटल्या.

मैना सातपूर-अंबडच्या गेटसभांत अजून चालते. मध्यंतरी एका परप्रांतीय कंत्राटी पोराने आम्हांस तिचा अर्थ विचारला. सांगितल्यावर तो म्हणाला, “माझी पूर्णियाला आहे.”