कॅपिटल-स्मॉलचा घोळ: लॅपटॉपवर चालणारी वेबसाइट सर्व्हरवर का मोडते?

वेबसाइट लॅपटॉपवर झकास दिसते, सर्व्हरवर टाकली की लोगो गायब! कोड तोच, फोटोही तोच. अशा वेळी आधी फाइलच्या नावातली अक्षरं तपासा. फाइलच्या नावात कॅपिटल 'एल' आणि कोडमध्ये स्मॉल 'एल' असेल, तर विंडोज आणि मॅक ते चालवून घेतात. लिनक्स नाही घेत.

प्रत्येक सिस्टीमचा नियम वेगळा आहे. विंडोज आणि मॅक तुम्ही लिहिलंय तसंच नाव साठवतात, पण फाइल शोधताना कॅपिटल-स्मॉलचा फरक मानत नाहीत. लिनक्ससाठी मात्र त्या दोन वेगळ्या फाइल्स असतात, आणि बहुतेक सर्व्हर लिनक्सवरच चालतात. फोनवर तर दोन्ही नियम एकत्र सापडतात. अँड्रॉइडमध्ये डाउनलोड्स फोल्डर जिथे असतो ते शेअर्ड स्टोरेज साधारणपणे फरक मानत नाही, पण टर्मक्स ॲपचं होम फोल्डर मानतं. (देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नसतंच, पण कोडच्या फाइलला मराठी नाव देतंय कोण?)

उलट दिशेने घोळ जास्त वाईट. लिनक्स कर्नलच्या सोर्स कोडमध्ये 'एक्सटी_मार्क.एच' नावाच्या दोन फाइल्स एकाच फोल्डरमध्ये आहेत. एकीत 'मार्क' कॅपिटलमध्ये, दुसरीत स्मॉलमध्ये. हा कोड गिटने विंडोजवर क्लोन केला की दोन्हींपैकी एकच डिस्कवर उरते. तुम्ही काहीही न बदलता गिट म्हणतो, फाइल बदलली आहे. तेव्हा 'सगळे बदल कमिट करा' असं केलंत, तर एका फाइलचा मजकूर दुसरीच्या जागी जातो. तो कोड पुश झाला, की लिनक्सवर काम करणाऱ्यांकडेही बिघाड पोहोचतो. 2018 च्या 2.20 आवृत्तीपासून गिट क्लोन करतानाच नावं धडकल्याचा इशारा देतो. तो वाचा, पुढे ढकलू नका.

हे सुरक्षेपर्यंतही जातं. डिसेंबर 2014 मध्ये गिटमध्ये अशीच एक त्रुटी सापडली होती. गिटची स्वतःची सेटिंग्ज 'डॉट गिट' या फोल्डरमध्ये असतात. कुणी मुद्दाम कॅपिटल 'जी' वापरून तेच नाव रिपॉझिटरीत घुसवलं, तर विंडोज-मॅकवर खरी सेटिंग्ज बदलून हल्लेखोराची कमांड चालवता येत होती. 2.2.1 आवृत्तीत ते बंद झालं.

आता नाव दुरुस्त कसं करायचं? विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये फक्त कॅपिटलचं स्मॉल केलं तर गिटला बहुधा पत्ताच लागत नाही, आणि सर्व्हरवर जुनंच नाव राहतं. त्यासाठी 'गिट एमव्ही' कमांड वापरा. फोल्डर असेल तर दोन टप्प्यांत करा: आधी भलतंच तात्पुरतं नाव, मग हवं ते. गिटची 'इग्नोअरकेस' सेटिंग बदलण्याचा सल्ला कुठे दिसला तरी तिला हात लावू नका. क्लोन करताना गिट ती स्वतःच ठरवतो. नवीन प्रोजेक्ट असेल तर सगळी नावं स्मॉलमध्येच ठेवा.