घाटातील आगगाडी आणि काचेवरचा सह्याद्री

रेल्वेचा इतिहास सांगणाऱ्या आपल्याकडील ग्रंथांत छायाचित्रे बहुधा शोभेसाठी येतात. मजकूर एका पानावर, चित्र दुसऱ्या पानावर, आणि दोहोंचा संबंध फारसा नाही, असा प्रकार सर्रास आढळतो. भोर घाटाची जुनी छायाचित्रे आम्ही गेली काही वर्षे सवडीने पाहत आलो आहोत. ती नीट वाचली, तर लिखित अहवालांत न सापडणारे बरेच काही त्यांत सापडते, असे आमचे मत झाले आहे. अर्थात त्यांत जे नाही, तेही पाहावे लागते.

आमची खेरडी नगर हवेलीत आहे आणि या मुलखात रेल्वेचा एक रूळही नाही. यामागे इतिहास आहे. १७८३ आणि १७८५ या वर्षांत नगर हवेली व दादरा पेशव्यांकडून पोर्तुगीजांकडे गेले. पुढे १८६४ साली सुरत-मुंबई लोहमार्ग पुरा झाला, तेव्हा तो पश्चिमेस दमण व पूर्वेस दादरा ठेवून मधल्या ब्रिटिश हद्दीतून वापीवरून निघून गेला. १९५४ साली हा मुलूख मुक्त झाला, तरी आगगाडी काही आली नाही. त्यामुळे येथील जुन्या मराठी घरांतून रेल्वे ही नेहमीच 'पलीकडची' गोष्ट राहिली. वापीला जाऊन गाडी पकडावयाची, मुंबईस उतरावयाचे, आणि पुण्याकडे नातेवाईक असतील तर घाट चढावयाचा. आमच्या आधीच्या पिढीतील मंडळी पुण्याहून परतली की लग्नकार्याच्या बातमीआधी घाटातील बोगद्यांची संख्या सांगत, आणि ती संख्या प्रत्येकाची वेगळी असे!

घाट ज्या परिस्थितीत बांधला गेला ती प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली, पण ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची खरी परीक्षा सह्याद्रीत होती. मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कले याने भोर घाटाचा मार्ग आखला. सुमारे सोळा मैलांत १८३१ फुटांची चढण, सर्वांत कठीण ठिकाणी ३७ फुटांस एक फूट उतार, पंचवीस बोगदे आणि आठ मोठे पूल. काम १८५६च्या आरंभी सुरू झाले. पहिला कंत्राटदार विल्यम फेविएल याच्या कारकिर्दीत १८५९ साली मजुरीच्या तक्रारींवरून कामावर दंगा उसळला आणि त्याने त्याच वर्षी कंत्राट सोडले. ते सॉलोमन ट्रेडवेल याने घेतले. तो मुंबईस उतरला आणि थोड्याच दिवसांत मरण पावला. त्याची पत्नी ॲलिस हिने मायदेशी परत न जाता कंत्राट स्वतःच्या नावावर चालू ठेवले आणि ॲडमसन व क्लाउझर या दोन अभियंत्यांकरवी काम पुरे करून घेतले. १८६१च्या सुमारास घाटात बेचाळीस हजारांवर माणसे राबत होती. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाट खुला झाला. बर्कले त्या समारंभास नव्हता. आठ महिन्यांपूर्वीच इंग्लंडात त्याचा अंत झाला होता.

या ॲलिस ट्रेडवेलच्या नावाने घाटातील बांधकामाची छायाचित्रे ओळखली जातात. आमच्या दृष्टीने ही बाब कंत्राटाइतकीच महत्त्वाची आहे. मुंबईत छायाचित्रणाची हौस तोवर चांगली रुजली होती. १८५४ साली मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या कारभारात डॉ. भाऊ दाजी लाड होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे स्वतः उत्तम छायाचित्रे घेत. एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्गही त्याच सुमारास निघाला. म्हणजे आगगाडी आणि कॅमेरा मुंबईत जवळजवळ हातात हात घालून आले, असे म्हणावयास हरकत नाही.

पण त्या काळचा कॅमेरा घाटात नेणे म्हणजे काय, याची कल्पना आजच्या वाचकास येणे कठीण. स्कॉट आर्चर याने १८५१ साली प्रसिद्ध केलेली ओल्या काचेची पद्धत तेव्हा चालत असे. काचेवर कोलोडियनचा थर ओतावयाचा, ती रुप्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून छायाचित्र घ्यावयाचे आणि ती वाळण्यापूर्वी अंधारात धुऊन काढावयाची. हे सारे दहा-पंधरा मिनिटांत. म्हणून काळोख्या खोलीचा तंबू, रसायनांच्या बाटल्या, काचांच्या पेट्या आणि स्वच्छ पाणी हे सगळे हमालांच्या डोक्यावरून कड्यापर्यंत न्यावे लागे. चैत्र-वैशाखात तर काच हातातच वाळू लागे.

या पद्धतीने चित्रात काय यावे आणि काय येऊ नये, हे बऱ्याच अंशी ठरवून टाकले. काच काही सेकंद उघडी ठेवावी लागत असल्याने धावते इंजिन तिच्यावर उमटतच नसे. उमटलाच तर धुरकट पट्टा. म्हणून आरंभीच्या घाटचित्रांत गाडी एक तर उभी आहे, नाही तर मुळीच नाही. वाफेचा लोट, जो आज अशा चित्रांचा प्राण समजला जातो, तो त्यांत नाही. दुसरे असे की, त्या काचेला निळाच प्रकाश तेवढा चटकन जाणवे. त्यामुळे आकाश कोरे पांढरे उतरते आणि झाडी काळी पडते. पावसाळ्यात कामही बंद आणि कॅमेराही बंद. परिणामी धबधब्यांचा, ढग उतरलेला सह्याद्री या चित्रांत शोधून सापडणार नाही. दिसतो तो उघडा, सुरुंगांनी फोडलेला, उन्हाने भाजलेला डोंगर. आम्हांला तो अधिक खरा वाटतो.

आणि माणसे? ती आहेत, पण मोजपट्टीसारखी. पुलाच्या कमानीखाली दोन-चार मजूर उभे केलेले दिसतात, ते कमान किती उंच आहे हे कळावे म्हणून. बेचाळीस हजारांपैकी ज्यांना काचेसमोर काही सेकंद निश्चल उभे राहण्यास सांगितले गेले, तेवढेच उरले, आणि त्यांचीही नावे नाहीत. घाटाची वाट इंग्रजांना शिंगरोबा नावाच्या धनगराने दाखविली आणि त्याबद्दल त्याचाच जीव घेतला गेला, अशी लोककथा आहे. त्याचे लहानसे देऊळ घाटरस्त्यावर आहे आणि वाहनचालक तेथे नाणे टाकून पुढे जातात. कथेस कागदाचा आधार नाही हे खरे. परंतु ज्या कामाच्या कागदांत मजुरांच्या नावांना जागाच नव्हती, तेथे लोकांनी एक नाव तरी कथेत जपले, याची नोंद इतिहास लिहिणाऱ्याने घ्यावयास हवी.

छायाचित्राचे पुरावा म्हणून मोल पाहावयाचे तर खंडाळ्याखालील उलटफेरीचे स्थानक पाहावे. डोंगराच्या सोंडेवर वळण घेण्यास जागाच नसल्याने बर्कलेने गाडी एका अरुंद सपाटीवर नेऊन थांबविली. तेथे इंजिन सोडून दुसऱ्या टोकास जोडीत आणि गाडी उलट तोंडाने पुढची चढण चढे. बोर्न अँड शेफर्ड या प्रसिद्ध पेढीच्या चित्रांत ही जागा पाहावयास मिळते. एका बाजूस कडा, दुसऱ्या बाजूस दरी, आणि मध्ये चिमुकल्या फलाटासारखी सपाटी. १९२९ साली नवा मार्ग व विजेची इंजिने आली आणि हे स्थानक बंद पडले. त्याच परिसरातील १८३० सालचा, अमृतांजन पूल या नावाने सर्वांस परिचित असलेला रस्त्याचा पूलही एप्रिल २०२० मध्ये पाडण्यात आला. आज तेथे जाऊन जुनी मांडणी समजून घेऊ म्हटले तर हातात ते छायाचित्र असल्यावाचून काही उलगडत नाही.

धूर चित्रात आला तो पुढे, कोरड्या काचा मिळू लागल्यावर. १८७१ साली मॅडॉक्स याने सुचविलेली ही पद्धत त्या दशकाच्या अखेरीस बाजारात रुळली आणि क्षणार्धात छायाचित्र घेणे शक्य झाले. येथे बडोदेकरांस आवडेल असा एक धागा सांगण्याचा मोह आवरत नाही. दादासाहेब फाळके यांनी छायाचित्रणाचे धडे बडोद्याच्या कलाभवनात गिरविले, गोध्र्यात छायाचित्रांचा व्यवसाय केला आणि पुढे लोणावळ्यास, म्हणजे घाटाच्या माथ्यावरच, छपाईचा कारखाना काढला. चलच्चित्रांकडे वळण्यापूर्वी हा माणूस इंजिनांच्या शिट्या ऐकत काम करीत होता. असो.

वाफेच्या इंजिनांचे देखणे, धुराने भरलेले चित्र काढण्याची हौस मात्र आपल्याकडे उशिरा आली. यात नवल नाही. ज्यांच्या डोळ्यांत कोळशाची कणी गेली आणि पांढरे धोतर काळे झाले, त्यांना धुरात सौंदर्य कसे दिसावे? इंग्लंडात १९६८ साली मुख्य मार्गांवरील वाफेची इंजिने निवृत्त झाली, तेव्हा तेथील हौशी मंडळी कॅमेरे घेऊन आपल्याकडे येऊ लागली. त्यांच्या चित्रांचे आम्हांस कौतुक आहे, तरी एक तक्रार आहे. त्यांत इंजिनाचा वर्ग व क्रमांक बिनचूक नोंदलेला असतो, पण फावड्याने कोळसा ओढणाऱ्या फायरमनचे नाव क्वचितच. ट्रेडवेलबाईंच्या काचेपासून शंभर वर्षांत एवढ्या बाबतीत फारसा पालट झाला नाही.

डिसेंबर १९९५ मध्ये आपल्या रुंदमापी मार्गांवरून वाफेची नेमाची वाहतूक संपली. त्यानंतर उरली ती जतन केलेली इंजिने. दिल्लीच्या चाणक्यपुरीतील रेल्वे संग्रहालयात १९७७ पासून ती पाहावयास मिळतात. १८५५ साली लीड्स येथे बनलेली 'फेअरी क्वीन' तर १९९७ साली पुन्हा रुळांवर धावली. परंतु पुष्कळ ठिकाणी स्थानकाबाहेर चौथऱ्यावर चढवून, चकचकीत रंग फासून, भोवती हिरवळ लावून ठेवलेली इंजिने दिसतात. त्यांचे छायाचित्र घ्यावयास सोपे, पण घेतल्यावर हाती काय येते? जे यंत्र ज्या चढणीसाठी घडविले, ती चढण चौकटीत नसेल तर त्याच्या चाकांची रचना कळत नाही.

नेरळ-माथेरानचे उदाहरण घ्यावे. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या जिद्दीने हा दोन फुटी मार्ग २२ मार्च १९०७ रोजी सुरू झाला. वीस फुटांस एक फूट चढण आणि वळणे अशी की, साधी चाके रुळांवरून उतरावीत. म्हणून जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीकडून चार इंजिने आणविली. त्यांच्या टोकाच्या आसांना वळणाबरोबर बाजूस सरकण्याची सोय होती. १९८०च्या दशकाच्या आरंभी ती थांबली. त्यांतील एक नेरळला जपून ठेवले आहे. ते पाहिल्यावर त्याच दिवशी गाडीने माथेरान चढावे, म्हणजे त्या सरकत्या आसाचे मर्म कळते. हा मार्गही सुखाने टिकलेला नाही. २६ जुलै २००५च्या अतिवृष्टीत तो उखडला आणि २००७ साली पुन्हा चालू झाला. २०१९च्या पावसात पुन्हा तुटला, तो संपूर्ण सुरू होण्यास ऑक्टोबर २०२२ उजाडले.

आता आपल्या जवळचे. गुजरातेत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना गायकवाडी रेल्वेचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. खंडेराव महाराजांनी १८६२ साली डभोई-मियागाम हा देशातील पहिला अरुंदमापी मार्ग घातला. रूळ इतके हलके होते की प्रारंभी त्यांवर गाडी बैल ओढीत. भारी रूळ घालून इंजिने नियमित चालू लागली ती १८७३ साली. त्याच डभोईवरून आता रुंद रुळांनी एकतानगरास गाड्या जातात, आणि २०२३ साली तेथे वारसा म्हणून सुरू झालेल्या गाडीचे इंजिन विजेचे आहे, पण रूप वाफेच्या इंजिनाचे. हौस म्हणून ठीक. पन्नास वर्षांनी कोणी त्याचे छायाचित्र पाहून डभोईस वाफेची इंजिने २०२३ पर्यंत होती असे लिहू नये, म्हणजे झाले.

सयाजीराव महाराजांच्या काळातील बिलिमोरा-वघई हा ६३ किलोमीटरांचा मार्ग आम्हांस सर्वांत जवळचा. उनाईचे उन्हाळे मागे टाकून तो डांगच्या सागवानात शिरतो. त्याच सागवानासाठी तो घातला गेला. २०२०च्या मार्चात गाडी थांबली, वर्षाखेरीस मार्ग कायमचा बंद करण्याचे ठरले, लोकांनी आवाज उठविला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ती पुन्हा धावू लागली. या मार्गावरील वाफेच्या काळातील छायाचित्रे आम्ही शोधीत आहोत. इंजिनाची चित्रे मिळतात, पण इंजिनासह जंगल, लाकडांचे ढीग आणि माणसे असलेली फार विरळा.

ती कोठे गेली असावीत याचा थोडा अंदाज आम्हांस नोकरीने दिला आहे. सरकारी अभिलेखांचे वर्ग असतात. 'अ' कायमचा, 'ब' तीस वर्षांचा, 'ड' वर्षभराचा. छायाचित्राला स्वतःचा वर्ग नसतो. ज्या फायलीला ते डकविलेले असेल, तिच्याबरोबर ते जगते किंवा जळते. एका कार्यालयात रद्दीचे गठ्ठे बांधले जात असताना पुलांच्या बांधकामाची चांगली दोन-अडीच डझन चित्रे आम्ही पाहिली. खर्चाच्या फायलीची मुदत संपली होती, तेव्हा चित्रांचीही संपली. नियमाप्रमाणे कोणाचे चुकले नव्हते.

घरांतील चित्रांना मुदत नसते, पण वाळवी आणि दमट हवा असते. आमच्या वाचकांपैकी कित्येकांचे आजे-पणजे गायकवाडी रेल्वेत स्टेशनमास्तर, गार्ड, मुकादम वा कारकून होते. त्यांच्या पेट्यांतून इंजिनापुढे फेटा बांधून उभ्या असलेल्या मंडळींचे एखादे चित्र असेल, तर त्याच्या पाठीमागे शिसपेन्सिलीने, दाब न देता, चार गोष्टी लिहून ठेवाव्यात. स्थानक, अदमासे साल, इंजिनावर दिसणारा क्रमांक, आणि डावीकडून उजवीकडे जेवढी आठवतील तेवढी नावे, फायरमन व खलाशी धरून. शाईचा पेन वापरू नये. शाई कागदातून पुढे झिरपते आणि प्रथम चेहऱ्यांवर डाग पडतात.