दिव्याचं मॉडेल: आकार एकीकडे, उजेड दुसरीकडे

इंटिरियरच्या रेंडरमध्ये टेबललॅम्प पेटलेला दिसला की उजेड त्यातूनच येतोय असं आपण धरून चालतो. पुष्कळदा तसं नसतं. शेड, बल्ब, वायर फक्त दिसण्यापुरते. खोली उजळवणारा स्रोत वेगळाच, न दिसणारा. ही फारकत कशी झाली ते समजायला १९८६ हे वर्ष बघावं लागतं.

त्या वर्षी पिक्सारची 'लक्सो ज्युनिअर' ही छोटी फिल्म आली. जॉन लॅसेटरने मॉडेल केला होता तो स्वतःच्या टेबलावरचा लक्सो दिवा. खरी अडचण सावलीची होती: दिवे हलतात, एकमेकांवर उजेड टाकतात. लान्स विल्यम्सची १९७८ची युक्ती इथे कामाला आली. दिव्याच्या जागेवरून दृश्य बघायचं, प्रत्येक दिशेला पहिली वस्तू किती लांब आहे ते नोंदवायचं; त्यापलीकडचं सगळं सावलीत. म्हणजे दिवा हा एक बिंदू झाला!

त्याच वर्षी जेम्स काजियाने रेंडरिंग इक्वेशन मांडलं आणि अमेरिकेतल्या प्रकाश-अभियंत्यांच्या संस्थेने एलएम-६३ हा फाइल-नमुना काढला. त्यात दिव्याचा तपशीलवार आकार नसतो. कोणत्या कोनात किती कँडेला, मुख्यतः हे मोजलेले आकडे. आज रेंडरवाले जिला आयईएस फाइल म्हणतात ती हीच.

आता पॉल हेनिंग्सनचा पीएच दिवा घ्या. कोपनहेगनच्या या माणसाने १९२०च्या दशकात तीन शेड्सचा दिवा केला, बल्ब डोळ्यात खुपू नये म्हणून. शेडचा वक्र लॉगरिदमिक स्पायरलवर बेतलेला. या वक्राचा गुण असा की केंद्रातून निघालेला किरण त्याला सगळीकडे सारख्याच कोनात भेटतो. त्यामुळे फोटोवरून अंदाजाने वक्र ओढला तर दिवा हुबेहूब दिसेल, उजेड मात्र पीएचचा नसेल. (मॉडेल विकणाऱ्या साइटवर कोण तपासतंय म्हणा.)

मग आयईएस फाइल जोडली की झालं? लांबच्या भिंतीसाठी, हो. पण ते आकडे दिव्याला बिंदू मानतात, आणि प्रकाशमापनात साधारण नियम असा की दिव्याच्या प्रकाशमान भागाच्या निदान पाच पट अंतरावरच हे मानणं चालतं. पीएच लटकतो जेवणाच्या टेबलावर, अगदी जवळ. तिथे प्रत्यक्ष शेडवरून परावर्तित होणारे किरणच मोजायला हवेत. ते महाग पडतं आणि चित्रात दाणे उरतात, म्हणून बहुतेक जण टाळतात. रिसर्च प्रपोजलसाठी विषय शोधत असाल तर हे टाळलेलं काम अजून पुष्कळ शिल्लक आहे.