गिटारच्या मानेतली सळई

गिटारच्या खुंट्यांखाली, तारा मानेवर उतरतात त्या जागी, कधी कधी घंटेच्या आकाराची एक छोटी पट्टी स्क्रूने बसवलेली दिसते. बहुतेकांना ती शोभेची वाटते. खरं म्हणजे ते झाकण आहे. त्याखाली एक नट असतो आणि तो नट मानेच्या पोटातून गेलेल्या पोलादी सळईच्या टोकावर बसलेला असतो. या सळईला ट्रस रॉड म्हणतात. ट्रस म्हणजे आपले सुतार छपराखाली जिला कैची म्हणतात ती.

ही सळई आली तारांमुळे. पूर्वी गिटारला आतड्याच्या तारा असत, त्यांची ओढ बेताची. आजच्या नायलॉनच्या सहा तारा मिळून साधारण ४० किलोंनी ओढतात. पोलादी तारांची ओढ मात्र ७० किलोंच्या घरात जाते. म्हणजे एक धडधाकट माणूस त्या जेमतेम दोन इंच रुंदीच्या लाकडाला रात्रंदिवस लोंबकळतो आहे असं समजा. मान धनुष्यासारखी वाकते, तारा पडद्यांपासून उंच जातात, बोटं दुखतात आणि सूरही हलतात. १९२०च्या दशकात अमेरिकेत मोठ्या आवाजासाठी पोलादी तारांना मागणी वाढली आणि हा प्रश्न कारखानदारांच्या दारात येऊन बसला.

उपाय लोकांच्या डोळ्यांसमोरच होता. एकोणिसाव्या शतकातल्या लाकडी रेल्वे डब्यांचं पोट मध्ये खचू नये म्हणून खाली लोखंडी सळया ताणून बसवत आणि पेच फिरवून त्या घट्ट करत. मिशिगन राज्यातल्या कलमझू गावी गिब्सन कंपनीचा कारखाना होता. तिथल्या थॅडियस मॅकह्यू यांनी १९२१ साली फिरवून घट्ट करता येणाऱ्या सळईसाठी अर्ज केला. पेटंट मिळालं १९२३मध्ये.

तिचं काम असं चालतं. लाकडात खोबण कोरून सळई बसवायची, एक टोक पक्कं करायचं, दुसऱ्याला आटे पाडून नट लावायचा. खोबण सहसा किंचित वक्र, मध्यभागी मानेच्या पाठीकडे झुकलेली असते. नट आवळला की सळई सरळ व्हायला बघते आणि मानेचा मधला भाग तारांच्या दिशेने उचलते. तारा एका बाजूला ओढतात, सळई दुसऱ्या.

पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथच्या मार्टिन कंपनीचं मत वेगळं होतं. मान मुळात वाकूच द्यायची नाही, हा त्यांचा खाक्या. १९३४पासून त्यांनी इंग्रजी 'टी' आकाराची पोलादी पट्टी मानेत बसवली. ती फिरवता येत नसे. दुसऱ्या महायुद्धात पोलाद दुर्मिळ झालं तेव्हा तिच्या जागी आबनूस आला. १९६७पासून चौकोनी पोकळ नळी. फिरवता येणारी सळई त्यांनी स्वीकारली ती थेट १९८५ साली! पेटंट आडवं आलं म्हणावं, तर तेव्हाच्या अमेरिकन कायद्याने त्याची मुदत १७ वर्षं, म्हणजे १९४०मध्येच ते संपलं. पुढची ४५ वर्षं त्यांनी आपल्या सुतारकामावर भरवसा ठेवला, असंच मला वाटतं. अशा जुन्या मार्टिनची मान वाकली तर कारागीर पडदे उपटून थोड्या जाड बुडाचे नवे पडदे ठोकतो. ते पाचरीसारखे लाकूड फाकवतात आणि मान मागे येते. काम सुंदर, पण नट फिरवण्याइतकं सोपं नक्कीच नाही.

कॅलिफोर्नियाच्या लिओ फेंडर यांच्या १९५०च्या पहिल्यावहिल्या इलेक्ट्रिक गिटारींतही सळई नव्हती. मेपलचं लाकूड कठीण, ते टिकेल असा हिशेब. तो चुकला आणि वर्ष संपण्याआधीच सळई आली. एकसंध मानेत ती पाठीमागून घालून वर अक्रोडाची काळपट पट्टी चिकटवत. ती रेघ फेंडरची ओळखच होऊन बसली.

या एकेरी सळईची एक अडचण आहे. हवा बदलली, लाकूड फुगलं-आकसलं आणि मान उलटी, मागच्या बाजूला गेली, तर ती काही करू शकत नाही. नट सैल करायचा आणि तारांनी ओढून घेण्याची वाट बघायची. यावर दुहेरी सळई निघाली. एकावर एक दोन सळया, किंवा एक सळई आणि एक पट्टी, टोकांना जोडलेल्या. नट फिरवला की एकीची लांबी दुसरीच्या तुलनेत बदलते आणि सगळी जोडी वाकते. हव्या त्या बाजूला. तिला वक्र खोबणही लागत नाही, सरळ चर पुरतो.

मान अगदी सरळही नको असते. तार थरथरते तेव्हा मध्ये सर्वांत जास्त फाकते, तिला जागा हवी. म्हणून सातव्या पडद्यापाशी दोन-तीन दशांश मिलिमीटरचा खोलगटपणा मुद्दाम ठेवतात. तारा उंच वाटल्या की हाच नट पिळायचा, हा सर्रास गैरसमज आहे; उंची ठरते ती घोडीवर आणि वरच्या खाचांत. नट फिरवायचाच झाला तर एका वेळी पाव फेरा, आणि नंतर पुन्हा सूर लावून बघायचं.