सांध्यांची साक्ष : पोर्शे ३५६ मोटारीचे बदललेले पत्रे व त्यांची जुळणी

जुन्या पोथीचीं पत्रें विस्कळित झालीं म्हणजे संग्राहक प्रथम दोन गोष्टी पाहतो : पत्रांवरील अंक आणि पत्रांच्या कडा. अंकांवरून काय गहाळ झालें तें कळतें. कडांवरून व डागांवरून कोणतें पत्र कोणत्या पोथीचें तें ठरतें. हीच परीक्षा पोलादी पत्र्याच्या वस्तूसही लागू पडते, हें आमच्या ध्यानीं एका माजी विद्यार्थ्यामुळें आलें. हे गृहस्थ जुन्या मोटारींच्या जीर्णोद्धाराचा अभ्यास करतात. बोलतां बोलतां त्यांनीं सांगितलें कीं, जर्मनींत बनलेल्या पोर्शे ३५६ या मोटारीच्या दारांच्या व झांकणांच्या आंतील अंगास ठोकलेले अंक असतात. पत्रांकांशीं असलेलें हें साम्य पाहून आम्ही त्या विषयाची माहिती मिळविली. मोटारविद्येंत आमचा अधिकार नाहीं. परंतु पुराव्याची पारख हा आपणां सर्वांचा विषय असल्यामुळें त्या माहितीवरून आमचें जें मत बनलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

या मोटारीचा पूर्वेतिहास थोडक्यांत असा. फर्डिनांड पोर्शे यांचे चिरंजीव फेरी पोर्शे यांच्या देखरेखीखालीं १९४८ सालीं ऑस्ट्रियांतील ग्म्युंड या लहानशा गांवीं पहिल्या गाड्या तयार झाल्या. तेथें सुमारें ५० गाड्या निघाल्या; त्यांपैकीं बहुतेकांच्या बॉड्या लांकडी आकृतीवर अॅल्युमिनियमचा पत्रा ठोकून हातानें घडविलेल्या होत्या. १९५० पासून काम स्टुटगार्ट शहराच्या त्सुफेनहाउझेन या भागांत सुरू झालें, व तेथील रॉयटर नांवाच्या कारखान्यानें पोलादी बॉड्या पुरविण्यास आरंभ केला. पुढें कांहीं प्रकारच्या बॉड्या हाइलब्रोन येथील ड्राउत्स, ब्रसेल्स येथील दीतेरां व ओस्नाब्र्युक येथील कार्मान यांनींही बांधल्या. १९६५ सालीं हें उत्पादन संपलें, तोंवर सुमारें ७६,००० गाड्या तयार झाल्या होत्या. एकाच ग्रंथाच्या निरनिराळ्या लेखकांनीं केलेल्या प्रती असाव्या, तसा हा प्रकार आहे. मूळ एकच, परंतु प्रत्येक हाताचें वळण निराळें.

आतां अंक कां ठोकले, तें पाहूं. मोठ्या दाबयंत्रांतून निघणारे पत्रे सर्व सारखेच असतात, तेव्हां कोणतेंही दार कोणत्याही गाडीस बसेल, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ३५६ च्या बाबतींत ती लागू पडत नाहीं. या गाडीचीं मडगार्डें बोल्टांनीं बसविलेलीं नसून बॉडीशीं वेल्ड केलेलीं असतात. सांधे बुजविण्यासाठीं शिसें व कथील यांचा मिश्रधातु ओतून तो कानशीनें घांसून सारखा करीत. दारें व झांकणें जागेवर टांगून पाहत. जेथें फट अरुंद तेथें कड घांसावयाची, जेथें रुंद तेथें शिसें चढवावयाचें, अशी रीत होती. म्हणजे दार साच्यांतून निघालें तेव्हां तें कोणत्याही गाडीचें होतें. कारागिराचा हात फिरल्यावर तें एकाच गाडीचें झालें. पुढच्या कामांत अशा जुळविलेल्या दारांची अदलाबदल होऊं नये, म्हणून त्यांवर सामान्यतः गाडीच्या चासिस क्रमांकाचे शेवटचे दोन किंवा तीन अंक ठोकीत. याशिवाय कारखान्याच्या दप्तरीं प्रत्येक गाडीचें एक नोंदपत्र असे; त्यास ‘कार्डेक्स’ म्हणतात. त्यांत चासिस, इंजिन, रंग इत्यादि तपशील आढळतो. दप्तरांतील कागद आणि वस्तूवरील अंक एकमेकांशीं ताडून पाहण्याची सोय मोटारीसारख्या अर्वाचीन वस्तूंतही आहे, हें पाहून आम्हांस आनंद वाटला.

या गाडीचा मोठा वैरी गंज. तिला निराळी चौकट नसते. पत्र्याचें तळ, दारांखालच्या उंबऱ्यांतील पेटीसारख्या पोकळ तुळया आणि वरची बॉडी मिळून एकच सांगाडा होतो. या पोकळ तुळयांत पाणी व चिखल सांचून त्या आंतून कुजतात. बाहेरून रंग शाबूत दिसतो आणि आंत कांहींच उरलेलें नसतें. मग गाडी मध्यें खचते. दाराच्या पुढचा व मागचा खांब वरच्या टोकास एकमेकांकडे झुकतात. त्यामुळें दाराची फट वर मिटते व खालीं रुंदावते. वर छप्पर नसलेल्या गाड्यांत हा दोष विशेष दिसतो. जाणता कारागीर रंगाकडे न पाहतां प्रथम फटीकडे पाहतो, त्याचें कारण हें. फट वांकडी म्हणजे दार वांकडें, असें नव्हे. दार सरळ असून घर खचलेलें असूं शकतें.

येथेंच अजाण माणूस चुकतो. दार अडतें म्हणून तो दाराची कड घांसतो. पुढें कोणी तुळया बदलून गाडी पुन्हां सरळ करतो, तेव्हां तेंच दार आंखूड पडतें. लेखकाच्या हातून एका ओळींत प्रमाद व्हावा, आणि तो न ओळखतां पुढच्या लेखकानें शेजारची शुद्ध ओळ ‘सुधारून’ अशुद्धाशीं जुळती करावी, असा हा प्रकार आहे. संपादनाचा अनुभव असलेल्यांस याचीं उदाहरणें आम्हीं द्यावयास नकोत.

जाणत्याची रीत याच्या उलट आहे. कांहींही कापण्यापूर्वीं तो सर्व फटींचीं मापें घेतो, छायाचित्रें घेतो व दाराच्या जागेंत आडव्या-तिरप्या सळ्या वेल्ड करून ती जागा हलणार नाहीं असें करतो. गाडी सपाट जमिनीवर, चारही अंगांनीं सारखा आधार देऊन ठेवतो. तुळयांचें काम चालू असतां दारें पुनःपुन्हां टांगून पाहतो. नवा पत्रा प्रथम चिमट्यांनीं व स्क्रूंनीं नुसता धरून ठेवतो. मागचें अंग स्थिर समजून त्याशीं दार जुळवितो, दाराशीं पुढचें मडगार्ड जुळवितो, आणि शेवटीं पुढचें झांकण बसवितो. दाराभोंवतालचें रबर लावूनही एकदां पाहतो; कारण रबर दारास बाहेर ढकलतें व जुळलेली कड पुन्हां उंच दिसूं लागते. हें सर्व मनासारखें झालें म्हणजे मग वेल्डिंगचे टांके, तेही एका ठिकाणीं सलग नव्हे, तर दूर दूर, आलटून पालटून. नाहींतर उष्णतेनें पत्रा ओढला जाऊन सर्व श्रम व्यर्थ जातात. विकत मिळणारा नवा पत्रा कितीही चांगला असला तरी तो दुसऱ्या प्रतींतून घेतलेल्या पाठासारखा समजावा. तो जशाच्या तसा बसत नाहीं, बसवावा लागतो.

इथपर्यंत कारागिरांत मतभेद फारसा नाहीं. खरा वाद याच्या पुढें आहे. प्रदर्शनांत बक्षीस मिळवूं पाहणारे मालक सर्व फटी तीन-चार मिलिमीटरांच्या, सर्वत्र अगदीं एकसारख्या मागतात. त्यासाठीं मूळच्या दाराचें जुनें शिसें वितळवून टाकतात, कडा नव्यानें बांधतात, कित्येकदां सबंध दाराचा पत्राच बदलतात. परिणामीं गाडी कारखान्यांतून निघाली त्या दिवसापेक्षांही सुरेख दिसते. आमचें म्हणणें असें कीं, हें सौंदर्य पुराव्याच्या मोलानें विकत घेतलेलें आहे. रॉयटरच्या कारागिराची कानस जेथें थांबली ती जागा म्हणजे त्याचें हस्ताक्षर होय. तें एकदां वितळलें कीं कार्डेक्समधून परत मिळत नाहीं. कारण कागदावर क्रमांक असतो, हाताचें वळण नसतें.

यावर मालक उत्तर देतो कीं, गाडी रस्त्यावर चालण्यासाठीं आहे, पेटींत ठेवण्यासाठीं नाहीं. कुजलेला तळ तसाच ठेवला तर जीव जाईल. हें उत्तर आम्हांस मान्य आहे. ज्या पत्र्यावर गाडीचा भार आहे, तो कुजला असतां बदललाच पाहिजे. परंतु तेवढ्यावरून निरोगी दाराची कड घांसण्याचा अधिकार प्राप्त होत नाहीं. आवश्यक दुरुस्ती आणि हौसेची दुरुस्ती यांमधील रेषा आंखणें, हेंच येथें इतिहासज्ञाचें काम आहे.

नवें केलें तें नवें म्हणून ओळखूं यावें, ही शिस्त आपल्या परिचयाची आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें काढलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींत, जो पाठ पूर्णपणें निश्चित नाहीं त्याखालीं नागमोडी रेषा दिलेली असते. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनीं संपादिलेलें आदिपर्व १९३३ सालीं पुरें झालें. तें उघडणाऱ्या प्रत्येकास ती रेषा दिसते. संहिता अखंड वाचतां येते, आणि संशयाची जागाही झांकली जात नाहीं. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानें २०१२ सालीं मान्य केलेल्या ट्यूरिन सनदेचा रोखही असाच आहे : शक्य तितकें मूळ राखावें, बदललें तें ओळखतां यावें व त्याची नोंद राहावी.

या ठिकाणीं आमचा एक प्रमाद कबूल करणें आम्हांस प्राप्त आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं आम्ही घरची एक पोथी बांधणीस दिली होती. बांधणाऱ्यानें मोठ्या आस्थेनें सर्व पत्रांच्या कडा एका सुतांत कापून दिल्या. पोथी देखणी झाली. परंतु समासांतील बारीक टिपणांचीं अर्धीं अक्षरें त्या कातरणांबरोबर गेलीं. आम्ही पूर्वीं त्यांची नक्कल करून ठेवली नव्हती. दोष बांधणाऱ्याचा नव्हे. काय राखावयाचें हें आम्हीं त्यास सांगितलें नव्हतें. सारख्या कडांचा मोह किती महाग पडतो, हें तेव्हांपासून आम्हांस पक्कें ठाऊक आहे.

तेव्हां अशा गाडीच्या धन्यास आमच्या चार सूचना आहेत. कापण्यापूर्वीं प्रत्येक फटीचें माप व चित्र नोंदावें. काढलेल्या पत्र्यांपैकीं अंक असलेला तुकडा भंगारांत न देतां गाडीच्या कागदांबरोबर जपून ठेवावा. नव्या पत्र्याच्या आंतील अंगास बसविल्याचें साल घालावें. आणि चौथी सर्वांत महत्त्वाची : नव्या दारावर जुना अंक कदापि ठोकूं नये. मालकास ती निष्ठा वाटेल. परंतु नव्या ताम्रपटावर जुना शक कोरण्याहून ती निराळी नाहीं. बनावट ताम्रपटांनीं आपल्या शास्त्रास किती भ्रमांत घातलें आहे, हें वाचक जाणतात. अंक नसलेलें दार एवढेंच सांगतें कीं, मूळचें गेलें. खोट्या अंकाचें दार मात्र उरलेल्या खऱ्या अंकांवरचाही विश्वास उडवितें.