विष बाळगणारे बी

कॉफीचे बी रुजताना मोठ्या पेचातून जाते. त्याच्या वजनाचा साधारण १ ते २ टक्के भाग कॅफीनचा असतो आणि कोवळ्या मुळाला कॅफीन बाधते. १९८३ मध्ये फ्रीडमन आणि वॉलर या संशोधकांनी या पेचाची उकल मांडली. अंकुराच्या पेशी आधी नुसत्याच लांबतात, त्यामुळे मुळाचे टोक कॅफीनने भरलेल्या भ्रूणपोषापासून दूर ढकलले जाते आणि मगच तेथे पेशीविभाजन सुरू होते. हे वाचून ज्याचे कुतूहल जागे होईल, त्याचे या विषयात मनापासून स्वागत.

नेमके पेशीविभाजनच का जपावे लागते, हे कांदा दाखवतो. बारावीच्या प्रात्यक्षिकासाठी कांदा पाण्यावर ठेवून मुळे काढतात, टोके रंगवून काचपट्टीवर दाबतात. तीच मुळे काही तास कॅफीनच्या द्रावणात ठेवली, तर गुणसूत्रे नेहमीसारखी विलग होतात, दोन केंद्रकेही बनतात. त्यांच्यामध्ये नवी भिंत धरू लागते, पण पुरी होण्याआधीच विरते. सूक्ष्मदर्शकाखाली एकाच पेशीत दोन केंद्रके शेजारी शेजारी दिसतात. १९६० च्या दशकात माद्रिदच्या लोपेझ-साएझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा कसून अभ्यास केला. अशा पेशी खुणेसारख्या वापरून विभाजनचक्राला लागणारा वेळही मोजता आला. मला या विषयातले हे सर्वांत देखणे काम वाटते.

पानांची कथा वेगळी. पालमपूरच्या संशोधकांना कॅफीन दिलेल्या रोपांची वाढ खुंटलेली आणि पाने अकाली म्हातारी झालेली आढळली. प्रकाशसंश्लेषणातील रुबिस्को या विकरावर घाला पडला होता. मग झाडे कॅफीन बनवतातच कशाला? कीड दूर राहते, हे एक कारण. कॉफी आणि चहा या कुळांनी ही विद्या स्वतंत्रपणे कमावली, हे २०१४ मध्ये कॉफीच्या जनुकसंचाने स्पष्ट केले.

नव्या अभ्यासकाला एक कळकळीची विनंती आहे. कॉफी किंवा तिचा चोथा झाडाला घालून कॅफीनबद्दल निष्कर्ष काढू नयेत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेलबर्नमधील प्रयोगांत कॉफीचा चोथा थेट मातीत मिसळल्यावर भाज्यांची वाढ खुंटली. पण चोथ्यात इतरही अनेक द्रव्ये असतात. आपल्याकडे गुलाबाच्या कुंडीत चहाचा चोथा टाकतात, त्यातले बरेचसे कॅफीन तर उकळतानाच चहात उतरलेले असते. म्हणून शुद्ध कॅफीन घ्यावे, तीव्रता नोंदवावी आणि तुलनेला साध्या पाण्यावरची रोपे ठेवावीत.

मातीत गुंता आणखी वाढतो. स्यूडोमोनास पुटिडा या जिवाणूचे काही वाण निव्वळ कॅफीनवर जगू शकतात. कूर्ग-चिकमगळूरच्या मळ्यांत गळणाऱ्या पानाफळांतले कॅफीन अशा जिवाणूंच्या तोंडी किती लागते आणि मुळांपर्यंत किती पोहोचते, हे मोसमागणिक मोजत राहण्याजोगे काम आहे.