दहा गावांचे रान

मी कविता लिहितो. त्यामुळे कुठल्याही ठिकाणाचे नाव ऐकले की त्याचा अर्थ आधी विचारतो. श्रीनगरपासून सुमारे २२ किलोमीटरवर झबरवानच्या डोंगरात एक राष्ट्रीय उद्यान आहे, दाचीगाम. या काश्मिरी नावाचा अर्थ ‘दहा गावे’ असा सांगतात. त्यातला ‘गाम’ म्हणजे आपले गावच. आज त्या रानात गाव मात्र नाही. रान राखण्यासाठी जी दहा गावे उठवली, त्यांची ही आठवण, असे मानले जाते.

१९१० साली, महाराजा प्रतापसिंहांच्या काळात, हे रान राखीव झाले. प्राण्यांची कणव हे त्याचे कारण नव्हते. मारसर सरोवरातून निघणारा दगवन ओढा या रानातून वाहतो आणि हारवनच्या तलावाला मिळतो. श्रीनगरला पिण्याचे पाणी स्वच्छ मिळावे, हा मुख्य हेतू होता. शिवाय राजघराण्याची शिकारही तिथेच चाले.

तरीही या राखणीचा लाभ हंगुलला झाला. हंगुल म्हणजे काश्मीरचे हरीण. नराची शिंगे दर वर्षी गळतात आणि नव्याने फुटतात. उन्हाळ्यात हे कळप वरच्या कुरणांत जातात, हिवाळ्यात बर्फ पडले की खाली दरीत उतरतात. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांची संख्या काही हजारांत होती. १९४७ नंतरच्या धामधुमीत पहारा सैल झाला, चोरटी शिकार वाढली आणि १९७०च्या सुमारास जेमतेम दीडशे हंगुल उरले.

१९५१ साली दाचीगाम अभयारण्य झाले, १९८१ साली राष्ट्रीय उद्यान. क्षेत्र १४१ चौरस किलोमीटर. पण कागदावर अभय मिळाले म्हणून रानात ते मिळतेच असे नाही. वरच्या कुरणांत उन्हाळ्यात मेंढ्यांचे कळप आणि राखणीचे कुत्रे येत राहिले. ज्या रानातून गावे उठली, तिथेच पुढे सरकारी मेंढीपालन केंद्रही चालले! २००८च्या गणनेत हंगुल १२७वर आले. नंतर संख्या हळूहळू सावरली. २०२३ साली २८९ मोजले गेले.

हा आकडा लहान आहे, पण तो वाढतो आहे, याचा आनंद आहे. काश्मीरबाहेर हा प्राणी रानात कुठेच नाही. तो इथे संपला तर संपलाच. म्हणून राखणी हवीच. पण तिची किंमत कोणी मोजली, तेही लक्षात ठेवायला हवे. आपल्या सह्याद्रीत चांदोलीच्या रानासाठीही गावे उठली. त्या माणसांना जमीन, पाणी, शाळा वेळेवर मिळणे हा जंगल राखण्याचाच भाग आहे. आणि त्यांच्या गावांची नावे कुठेतरी नीट लिहून ठेवावीत. दाचीगामच्या नावात फक्त ‘दहा’ हा आकडा राहिला. ती दहा गावे कोणती, हे ते नाव सांगत नाही.